अर्ध्या छडीचं म्हणणं

मी छडी बोलतेय. हात मागे लपवू नका, मी मास्तरांची नव्हे! मी वाद्यवृंदाच्या संचालिकेची छडी. साठ वादक माझ्या टोकाकडे बघून वाजवतात. मला स्वतःला आवाज नाही, पण मी हलल्याशिवाय तिथे सूर काढायची कुणाची प्राज्ञा नाही.

मला घडवलं बाईंच्या वडिलांनी. ते सुतार. खिडकीच्या चौकटीतून उरलेली पट्टी त्यांनी आठ दिवस तासली, मुठीला बाटलीचं बूच बसवलं आणि लेकीच्या हातात देताना म्हणाले, "मोडेल, पण वाकायची नाही. तुझ्याच वळणावर गेलीय."

पहिल्याच तालमीला ट्रम्पेटवाले काका पेपर वाचत बसले. ही कालची पोर आपल्याला काय शिकवणार, असा त्यांचा तोरा. बाईंनी मला उचललं आणि तसंच वर धरून ठेवलं. एक मिनिट झालं, पाच झाली. शेवटी पेपराची घडी झाली, तेव्हा कुठे मी खाली आले. त्यानंतर तीस वर्षं तालमीला कुणी पेपर आणला नाही.

मग बाईंचा हात कापू लागला. हात कापे थोडासाच, पण मी पडले लांबलचक. माझं टोक वीतभर थरथरे. एकदा तालमीत रचनेतली ठरलेली शांतता आली, सगळे थांबले, आणि त्या थरथरीलाच खूण समजून ड्रमवाल्याने दणका हाणला. चूक माझी, आणि माफी मागत बसला तो बिचारा.

वाद्यवृंदाच्या व्यवस्थापकांना निमित्तच हवं होतं. बाई, आता आराम करा, छडी आपण दर्शनी दालनात काचेच्या कपाटात ठेवू, असं ते गोड गोड बोलले. म्हणजे दोघींना एकदमच निकालात काढायचं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाईंनी फक्त एक कार्यक्रम मागून घेतला. "तिथे चुकले, तर मी आपणहून जाईन."

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी रंगमंचावर जाण्याआधी त्यांनी मला टेबलाच्या कडेवर टेकवलं आणि काडकन मोडलं. दुखलं, खोटं कशाला बोलू? पण वडिलांचा शब्द खरा झाला, मी वाकले नाही.

बूच आणि वर चार बोटं लाकूड, एवढीच मी उरले. कार्यक्रमात तीच शांतता आली. बाईंची मूठ कापत होती, पण थरथरायला मला टोकच नव्हतं. ड्रमवाला डोळ्यांत प्राण आणून बघत होता. बाईंनी मला खाली आणलं आणि ड्रम नेमका तेव्हाच वाजला.

पडदा पडल्यावर व्यवस्थापक आले ते खालमानेनेच. आरामाचं नावही न काढता, निदान एखादा तुकडा तरी कपाटासाठी द्या, म्हणाले. बाईंनी तुटलेलं टोक त्यांच्या हातावर ठेवलं. "हे न्या. कामाचा भाग माझ्याकडे आहे."

तेव्हा त्या कपाटात दिसते ती मी नव्हे, तिच्यापुढे उगाच हळहळू नका. मला भेटायचं असेल, तर उद्या सकाळी दहाला तालमीला या. आणि हो, पेपर घरी ठेवून या.