गोनाद, अर्थात खट-खट-खुर्र

भर दुपारी बाराच्या उन्हात चारा छावणीत शे-दीडशे माणसं श्वास रोखून उभी होती. दावणीला शंभरेक जनावरं पेंगत होती. सुग्रीवानंद महाराजांनी डोळे मिटले, एक बोट आभाळाकडे नेलं आणि हळूच लॅपटॉपवर टेकवलं. भोंग्यांतून आधी लांबलचक ‘ऊंऽऽ’ आलं, मग झिरमिर झिरमिर स्वर, आणि त्यांच्याखाली एक संथ ठेका. ठेका सुरू झाला तशी जनावरांनी कान टवकारले. बघता बघता जवळजवळ अख्खी दावण उठून उभी राहिली. गायी हंबरायला लागल्या, बैल खुंटे उपसू लागले आणि दोन-चार गायींच्या आचळांतून चक्क दूध ठिबकलं.

“गोमाता जागी झाली!” दूध संघाचे चेअरमन भगवानराव ओरडले आणि टोपी काढून महाराजांच्या पायावर आडवे झाले.

गोष्ट २०१३ची. विहिरींचे तळ दिसू लागले, म्हणून आमच्या दूध संघानं दिंद्रुडजवळ छावणी उघडली होती. मी संघाचा गुरांचा डॉक्टर. स्वभाव जरा खवचट. कुणी चमत्कार म्हणालं की मी आधी त्याच्या मागची वायर शोधतो.

महाराजांच्या अल्बमचं नाव ‘गोनाद’. कव्हरवर कमळात मांडी घालून बसलेली गाय. गायीला अशी मांडी घालता येते हे मला पशुवैद्यकीय कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

“हे संगीत नव्हे,” महाराज सांगत होते. शुद्ध बोलायची त्यांची धडपड असे, पण मधूनच केजकडची बोली निसटायची. “ही कंपनं आहेत. हिमालयात चाळीस दिवस मौन धरलं, तवा आकाशातून उतरली. चारशे बत्तीस कंपनं! दूध वाढतं, दगडी बरी होते, गाभडणं थांबतं!”

“चारशे बत्तीस मोजली कशी?” मी विचारलं.

“श्रद्धेनं!”

हशा पिकायला हवा होता. टाळ्या पडल्या.

एरवी मीही हसून सोडून दिलं असतं. पण छावणीतल्या केशरबाईची गाय चंद्री दगडीनं आजारी होती. कास सुजून दगडासारखी टणक होते, म्हणून या रोगाला दगडी म्हणतात. केशरबाईचं घर त्या एका गायीच्या दुधावर चालायचं. दोन दिवस मी इंजेक्शन घेऊन मागे लागलो होतो, आणि तिनं महाराजांकडून आणलेला छोटा स्पीकर चंद्रीच्या शिंगाला बांधला होता.

“सुई नगं, डागतर. महाराज म्हनले, सुई टोचली का नाद तुटतो.”

“केशरबाई, आज औषध गेलं नाही तर कास हातची जाईल.”

“तुमाला कावून एवढी घाई? गाय माझी हाय.”

मला राग आला आणि भीतीही वाटली. तापानं चंद्रीचा कान हाताला चटका देत होता.

तेवढ्यात मागून कुणीतरी खो-खो हसलं. दगडाबाई. छावणीतली हाताच्या चाकाची कडबाकुट्टी हीच बाई चालवायची. सकाळ-संध्याकाळ कडबा बारीक करून दावणीत टाकायची. रिकामी पाटी कमरेवर घेऊन ती भोंग्याला कान लावून उभी होती.

“आवं डागतर, ह्ये तर माझं मशीन हाय! ऐका की. खट, खट, खुर्र. तिसरं पातं मोडलंय. बदला, बदला म्हनून महिनाभर बोंबलतीया!”

मी ऐकलं. खट, खट, खुर्र. खट, खट, खुर्र.

“आन् ह्यो बाबा महिन्यामागं आल्ता. तवा दाढी न्हवती, प्यांट हुती. रेडिओवर लावतो म्हनला आन् तासभर माझ्या मशीनपुढं माईक धरून बसल्ता.”

गर्दीत कुजबुज सुरू झाली. मी दावणीच्या टोकाकडे बोट केलं. तलवाड्याहून सकाळीच आलेल्या सहा गायी तिथं निवांत रवंथ करत बसल्या होत्या.

“महाराज, तलवाड्याच्या गायी नास्तिक आहेत का?”

“त्यांचे... संस्कार कच्चे हायत.”

“मग बंद करा तुमचा नाद. दगडाबाई, फिरवा चाक.”

भोंगे थांबले. जनावरं पुन्हा खाली बसेपर्यंत आम्ही थांबलो. मग दगडाबाईनं मूठभर कडबा सारून चाक फिरवलं. खट, खट, खुर्र! दावण पुन्हा उठली, मघापेक्षा जोरात हंबरली, आणि त्याच गायींची आचळं पुन्हा ठिबकली. तलवाड्याच्या सहाजणी जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी हे मशीन कधी ऐकलंच नव्हतं.

“फोडणीचा आवाज आला की तुमच्या तोंडाला पाणी सुटतं ना?” मी म्हणालो. “तसा कुट्टीच्या आवाजानं गायीला पान्हा सुटतो. तिला देव नाही, वैरण दिसते. आणि छावणीत दूध वाढलंय म्हणता, ते आठ दिवसांपासून पेंड मिळते म्हणून.”

भगवानरावांनी टोपी झटकून डोक्यावर घातली. “काय बे सुग्रीव?” महाराजपण असं एका ‘बे’त उतरलं.

“बँजो पार्टीत ऑर्गन वाजवायचो, मालक,” सुग्रीव खाली बघत म्हणाला. “दुष्काळात लग्नं लांबली. घरात बसून अल्बम केला, लई जीव लावून केला. नुसतं गानं म्हनून कुनी ऐकंना. महाराज झालो तवा समद्यांनी ऐकलं.”

खरं सांगतो, मला त्याचं वाईट वाटलं. अल्बम चांगलाच होता. पण चंद्रीचा ताप त्यानं उतरत नव्हता.

केशरबाईनं चंद्रीच्या शिंगावरचा स्पीकर सोडला. “टोचा,” ती म्हणाली.

पाच दिवसांत चंद्री सावरली. तीन आचळं वाचली, चौथं कायमचं आटलं. दोन दिवस आधी सुई गेली असती तर तेही वाचलं असतं. हे मी केशरबाईला सांगितलं नाही. तिनंच मला सांगितलं.

संगीत ऐकावं, मान डोलवावी, मन निवतं. पण जंतूंना कान नसतात. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी तोंड उघडावं, विचारावं. विचारल्यानं कुठलाच खरा देव कोपत नाही.

पुढच्या आठवड्यात एक बाई आजारी म्हैस घेऊन छावणीत आली आणि विचारू लागली, “ते दगडीचं गानं कुटं मिळतंय, मावशी?” केशरबाई चंद्रीची धार काढत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, “आदी डागतर. म्हस बरी झाली का मंग दोघी बसून ऐका गानं.”