घंटेआधी जाणारी वायर

"वायर परत गेली," कॉन्रॅड टेबलाखालून म्हणाला. देवळाच्या ऑफिसच्या दारात वेदीची फुलं घेऊन उभ्या असलेल्या मटिल्डाने लगेच छातीवर क्रुसाची खूण केली.

"परत? गेल्या खेपेला गेली तेव्हा बस्त्यावबाबा गेला."

"बस्त्याव नव्वदीच्या पुढचा होता, बाय. तो काय माझ्या वायरीची वाट बघत होता?"

"आणि त्याच्या आधी नतालीन? सकाळी तुझी वायर गेली, दुपारी मयताची घंटा वाजली. चांगली बसून केळफूल सोलत होती."

"मग मी तिच्या केळफुलात वायर घातली होती का?"

मटिल्डा हसली नाही. एरवी ती देवचार-भुतांच्या गोष्टीलाही हसायची. फुलं तिने पोटाशी धरली, जणू त्या कॉम्प्युटरची सावली पडली तर ती सुकतील.

कॉम्प्युटर होताच तसा. गावातल्या कोणीतरी परदेशी जाताना तो देवळाला देऊन टाकला होता. त्याचा पंखा सुरू झाला की मागच्या माडावरचे कावळे उडून थेट आगाशीला जाऊन बसत. एका पावसाळ्यात मटिल्डाने त्याच्या डोक्यावर सुके बोंबील टाकले होते, आणि ते उन्हातल्यापेक्षा कडक निघाले, असं नंदाखाल गावाच्या बाजूला आजही शपथेवर सांगतात. विंडोजला सारखे व्हायरस लागत, म्हणून चंदनसारच्या कॉम्प्युटरवाल्या देवेंद्रने त्यात लिनक्स घातलं. जुनं विंडोज त्याने पुसलं नाही. "असू दे काका, कधी लागलं तर," म्हणाला. ते कधी लागतं याची चौकशी कॉन्रॅडने केली नाही.

त्याचं काम एकच. रविवारी कॅमेरा लावायचा आणि मिस्सा, म्हणजे देवळातली प्रार्थना, इंटरनेटच्या वायरीतून जगभर सोडायची. कॅनडात गेलेली पोरं, कुवेतमधले फिटर, बोटीवरचे खलाशी सगळे ती बघत. आणि आज त्यांच्यात एक माणूस जवळचं होतं. वसईच्या इस्पितळात पडलेली फ्लॉसी, कॉन्रॅडची मोठी बहीण.

काल संध्याकाळी तो तिला भेटून आला होता. छातीत पाणी झालेलं, पण उठून बसली होती. पेजेला नावं ठेवली, म्हणजे बरी असणार. कॉन्रॅडने तिच्या मोबाईलवर देवळाचं चॅनल लावून दिलं.

"हे बघ बाय, उद्या टिंग वाजलं की बोट लाव. मिस्सा दिसेल."

"आणि नाही वाजलं तर?"

"वाजेल. मी बसलोय ना तिकडे."

"तू बसलास म्हणजे वाजेलच," ती म्हणाली, आणि खोकता खोकता हसली.

म्हणून तो आज उजाडताच येऊन बसला होता. आणि पडद्यावर वायर नव्हतीच. तुटली आहे, निघाली आहे असंही यंत्र म्हणत नव्हतं. वायर नावाची वस्तू आपल्याला कधी होती हेच ते विसरलं होतं.

कॉन्रॅडचा जन्म तारांमध्ये गेला होता. टेलिफोन खात्यात केबल जोडायचं काम. एकदा तुफानात खांबावर चढून त्याने तुटलेल्या तारेची दोन टोकं दोन हातांत धरून ठेवली आणि गास गावच्या एका मुलीचा साखरपुडा त्याच्या अंगातून ठरला. हुंड्याची घासाघीस त्याला दातांत ऐकू आली म्हणे. खरं असो, खोटं असो, गावाच्या साऱ्या बातम्या त्याच्या हाताखालून गेल्या आणि त्याला स्वतःला शेवटी कळल्या, हे मात्र खरं. बाप गेला तेव्हा तो खांबावर होता. त्याने नुकत्याच जोडलेल्या लाइनीवरून बातमी गावात आली, आणि खाली माणसं गोळा होऊन वर बघत राहिली. घंटा वाजवायला निघालेल्या माणसाला तेव्हा फ्लॉसीने अडवलं. खांबाखाली येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "कॉन्रॅड, जरा खाली ये."

तेव्हापासून गावात रीत पडली. घरच्या माणसाला घरच्या माणसाने समोर उभं राहून सांगायचं. तोवर घंटा नाही, नाक्यावर मयताचा कागद नाही, कुजबूजसुद्धा नाही.

कॉन्रॅडने केबल काढून पुन्हा लावली. दुसरी केबल लावली. राउटरचे सगळे दिवे जिवंत होते. फक्त कॉम्प्युटरच्या पाठीवरचा दिवा काळा, मेलेल्या माशाच्या डोळ्यासारखा. मशीन बंद करून चालू केलं. लिनक्सला विचारलं, तुझ्याकडे काय काय जोडलंय? त्याने निमूटपणे यादी दिली. तीत नेटवर्कचं कार्ड नव्हतं.

"सॅम्या!" त्याने हाक मारली.

देवळाची व्यवस्था बघणारा सॅमी दारापर्यंत आला आणि उंबऱ्याबाहेरच थांबला. घंटा, मेणबत्त्या आणि मयताचे कागद ही सॅमीची खाती. कॅमेरा आणि वायर हे कॉन्रॅडचं. दोघांनी एकमेकांच्या खात्यात कधी नाक खुपसलं नव्हतं. एकाच खुर्चीवर बसत, पण कधी एका वेळी नाही.

"टेस्टर दे जरा."

सॅमीने लांबूनच हात पुढे केला. त्याच्या बोटांना पांढरी मैद्याची खळ वाळून चिकटली होती.

"सकाळी सकाळी खळ कशाला शिजवलीस?"

"गायनाचं पुस्तक फाटलंय," सॅमी म्हणाला. तो जमिनीकडे बघत होता.

"मेल्या, तुला अख्ख्या जन्मात एक सूर लागला नाही, तू पुस्तकं कसली शिवतोस?"

सॅमी एरवी यावर शिवी देऊन मोकळा झाला असता. आज त्याने नुसती मान हलवली आणि भिंतीला टेकून उभा राहिला. गेला नाही. मटिल्डाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा कॉम्प्युटरकडे, आणि फुलं खाली ठेवली.

बाहेर माणसं येऊ लागली होती. कॉन्रॅडने देवेंद्रला फोन लावला.

"काका, रविवार आहे हो. बोला."

"वायर दिसत नाही. कार्डच दिसत नाही यादीत."

"केबल बदलली?"

"देवेंद्र, मी केबल बदलायला लागलो तेव्हा तुझा बाप चड्डीत होता."

"बरं, बरं. आता एक सांगा, त्याच्यावर विंडोज कोणी चालवलं का?"

"इथे कोण चालवणार?"

"सॅमीकाका. तुमचा तो प्रिंटर लिनक्सवर चालतच नाही. मयताचे कागद ते विंडोजमध्ये जाऊन काढतात, मीच शिकवलंय. त्याचं काय होतं, विंडोज बंद होताना कार्डाला झोपवून जातं. मग लिनक्सला ते उठवता येत नाही. रीस्टार्ट करून उपयोग नाही, आत थोडी वीज राहतेच. संध्याकाळी तुम्ही मेन स्विच काढता ना, म्हणून दुसऱ्या दिवशी आपोआप येत असेल."

"अस्सं!" कॉन्रॅडने मांडीवर थाप मारली.

"पॉवरची वायर भिंतीतून काढा. मग मशीनचं चालू करायचं बटण दाबून धरा, बराच वेळ. आत उरलेलं सगळं जाऊ दे. मशीन पूर्ण मेलं पाहिजे. मग लावा, उठेल."

कॉन्रॅडने फोन ठेवला आणि कित्येक महिन्यांचा हिशेब चुकता करायला मटिल्डाकडे वळला. चेहरा फुलला होता.

"ऐकलंस? भूत नाही, खेत नाही! म्हणे वायर गेली की माणूस मरतो! अगं, उलटं आहे ते. आधी माणूस मरतो, मग हा सॅम्या कागद छापतो, आणि मग वायर..."

वाक्य तिथेच राहिलं.

पंखा घरघरत होता. मटिल्डाचा हात तोंडावर गेला. कॉन्रॅडने सावकाश मान वळवली आणि सॅमीच्या बोटांकडे पाहिलं.

दर खेपेला घरच्यांना कळलं की घंटेआधी सॅमी येऊन त्याच्या कानात नाव सांगायचा. दफनाला कॅमेरा कुठे लावायचा ते ठरवायला. बस्त्यावचं सांगितलं, नतालीनचं सांगितलं. बाकी कोणाला नाही, फक्त त्याला. आज सकाळपासून सॅमी उंबऱ्याच्या आत आला नव्हता.

"कॉन्रॅडभाऊ," सॅमी म्हणाला, "मला..."

"बोलू नकोस." कॉन्रॅडने हात वर केला. "मी तुला काही विचारलं नाही. तू काही सांगितलं नाहीस. तुझी रीत तू मोडू नकोस."

प्रिंटरवर फडकं टाकलेलं होतं. ते उचलून बघायला एक हात पुरला असता. कॉन्रॅड तिकडे गेला नाही. तो गुडघे टेकून पुन्हा टेबलाखाली शिरला आणि भिंतीतला प्लग ओढला.

पंखा थांबला. इतक्या वर्षांत ते ऑफिस एवढं शांत कधी झालं नव्हतं. मागच्या माडावर कावळे परत येऊन बसल्याचं ऐकू आलं.

त्याने बटणावर अंगठा ठेवला आणि दाबून धरला. पुढचा छोटा दिवा क्षणभर उजळला, थरथरला, आणि विझला. तरी त्याने अंगठा काढला नाही. काल निघताना फ्लॉसीने त्याचा हात असाच धरून ठेवला होता. नर्स येऊन उभी राहिली तरी सोडला नव्हता. 'आत उरलेलं सगळं जाऊ दे,' देवेंद्र म्हणाला होता. अंगठ्याचं नख पांढरं पडलं.

अंगणात मोटरसायकल थांबली. चालण्याची ढब कॉन्रॅडच्या ओळखीची होती. फ्लॉसीचा टोनी, रात्रभर इस्पितळात असणारा. त्याच्या वाटेतून माणसं बाजूला झाली; ते बाजूला होणं टेबलाखालीही कळलं.

"मामा," टोनी दारातून म्हणाला, "जरा बाहेर ये."

"येतो. एवढं झालं की."

त्याने प्लग लावला. पंखा घरघरला, कावळे उडाले. यंत्र हळूहळू जागं झालं, आणि पाठीवरचा तो काळा डोळा हिरवा झाला, लुकलुकायला लागला. कॉन्रॅड टेबलाचा आधार घेत उठला, खुर्चीत बसला, कॅमेरा तपासला. वेदीवर फुलं नव्हती.

"मटिल्डा, फुलं."

ती डोळे पुसत गेली. टोनी हेल्मेट हातात धरून अजून तिथेच उभा होता.

"स्टेफीला कळवलंस?" कॉन्रॅडनेच विचारलं. टोनीची बहीण कॅनडात होती.

"पहाटेच. तीच म्हणाली, मामाला फोनवर नको सांगूस. मम्मीला आवडलं नसतं."

"नसतंच आवडलं." तो पडद्याकडे बघत होता. "आता सांग. समोर उभा आहेस, सांग."

"मम्मी गेली, मामा. झोपेतच."

कॉन्रॅडने मान हलवली, जशी एखाद्या लाइनीवर पलीकडून आवाज आल्यावर तो पूर्वी हलवायचा. मग सॅमीला म्हणाला, "मिस्सा झाली की वाजव. लाव तुझे कागद."

सॅमी निघून गेला. वेदीवर फादर आले, लोक उभे राहिले. कॉन्रॅडने माउसवर बोट ठेवलं आणि मिस्सा वायरीत सोडली.

टोनीच्या शर्टाच्या खिशात, फ्लॉसीच्या मोबाईलवर, टिंग वाजलं.

दोघांपैकी कोणी बोट लावलं नाही. खिशाच्या पातळ कापडातून पडद्याचा उजेड थोडा वेळ दिसत राहिला, आणि मग आपोआप मावळला.