परवलीच्या दाराची कडी

मी एक जुनी लोखंडी कडी आहे, मित्रांनो. एका दुमजली घराच्या पुढच्या दाराला मी आतल्या बाजूने लटकते. आता त्या दाराला नवं पितळी कुलूप आहे आणि सगळा मान त्यालाच मिळतो. गेल्या खेपेला घराला रंग दिला तेव्हा रंगाऱ्याने माझ्यावरूनही सरळ ब्रश ओढला. त्यामुळे मी अर्धी हिरवी आणि अर्धी गंजलेली आहे. रुसायचं तरी कुणावर? माझा कोयंडा चौकटीत अजून जागच्या जागी आहे, पण आमची गाठ पडत नाही. तरीही धुकं पडलेल्या एखाद्या सकाळी, घर अजून उठायचं असताना, एक तळहात माझ्यावर येऊन थांबतो. तो हात माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. त्या हाताचा धनी जाऊन सहा वर्षं झाली. मला भीतीही वाटते आणि बरंही वाटतं.

एका लोहाराने मला ठोकून ठोकून घडवलं. माणूस बोलायला फटकळ, पण कामाला चोख होता. मला विकत घ्यायला जो तरुण आला, तो नुकताच सैन्यातून परतला होता. त्याने मला चारपाचदा खालीवर केलं आणि कानाशी नेऊन माझा आवाज ऐकला. लोहार वैतागून म्हणाला, "अहो, कडी आहे ती, घड्याळ नाही!" तरुण हसला नाही. त्याने मला घरी आणलं आणि स्वतःच्या हाताने दाराला बसवलं.

गल्लीत सगळे माझ्या या धन्याला कॅप्टन म्हणायचे. ते कधीच कॅप्टन नव्हते. साधे शिपाई म्हणून गेले, साधे शिपाई म्हणून परतले आणि पुढे तीस वर्षं टपाल कचेरीत पत्रांची वर्गवारी करत राहिले. पण लोकांनी एकदा नाव ठेवलं की ते काही केल्या सुटत नाही. घरच्यांवर त्यांचा फार जीव. सकाळी घरातल्या चौघांचे बूट दाराशी ओळीने मांडून ते पॉलिश करायचे. बायको आजारी पडली तेव्हा लेकीच्या वेण्या घालायला शिकले. पहिल्या दिवशी वेण्या इतक्या घट्ट झाल्या की लेकीच्या भुवया वर चढल्या आणि ती शाळाभर आश्चर्याने बघत फिरली. दर रविवारी शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब मला मिळायचे. त्यांच्याइतकं मला कुणीच जपलं नाही.

त्यांची एकच गंमत होती. सैन्यात पहारेकऱ्याला रोज एक परवलीचा शब्द मिळतो. जो तो शब्द सांगेल तो आपला. कॅप्टननी तीच रीत घरात आणली होती. न्याहारीच्या वेळी शब्द ठरायचा, कधी उशी, कधी कात्री, कधी भोपळा. बाहेरून कुणी दार वाजवलं की ते माझ्यावर हात ठेवून विचारायचे, "कोण?" मुलं खिदळत शब्द सांगायची. बायको मात्र दोन्ही हातांत पिशव्या घेऊन ओरडायची, "अहो, भोपळा! भोपळा! उघडा आता, हात तुटले माझे!" एकदा माहेरी आलेल्या लेकीने आणि तिच्या भावाने मुद्दाम 'गाढव' हा शब्द ठरवला आणि नेमके त्याच दिवशी नवे जावई आले. लेकीने खिडकीतून हळूच सांगितलं तसं ते बिचारे बाहेर उभे राहून खणखणीत आवाजात म्हणाले, "गाढव!" आतून सासूबाई म्हणाल्या, "कबूल केलंत ना, मग या आत."

हसण्यात दिवस गेले, पण मला दोन गोष्टी खटकायच्या. एक म्हणजे कॅप्टन "कोण?" असं एकदाच विचारायचे, दुसऱ्यांदा कधीच नाही. दुसरी गोष्ट धुक्याच्या सकाळची. कुणी दार वाजवलेलं नसताना ते उठून यायचे, माझ्यावर तळहात टेकायचे आणि फळीला कान लावून अगदी हळू म्हणायचे, "सांग. सावकाश सांग. मी उभा आहे." बाहेर कुणी नसायचं. मी लोखंडाची, तरी माझ्या अंगावर काटा यायचा.

पुढे मुलाला मुलगी झाली. तिला सगळे बिट्टी म्हणत. बिट्टी बोलायला लागली आणि तिचा शब्द अडू लागला. विशेषतः 'क' आला की तिचा श्वासच कोंडायचा. त्यानंतर परवलीचे शब्द बदलले. आजी, ऊस, आंबा, असे तिला सहज जमतील तेच शब्द कॅप्टन निवडू लागले. घरात हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. मला मात्र कळलं होतं.

एका थंडीत कॅप्टन तापाने अंथरुणाला खिळले होते, म्हणून त्या सकाळी शब्द मुलाने ठरवला. त्याने सहज 'कंदील' म्हटलं. बाहेर दाट धुकं होतं. शाळेची गाडी आलीच नाही, म्हणून बिट्टी कोपऱ्यावरून परत आली आणि तिने दार वाजवलं. कॅप्टन कसेबसे उठून आले. हात माझ्यावर ठेवून त्यांनी विचारलं, "कोण?"

बाहेरून आवाज आला, "क... क... क..."

माझ्यावरचा हात दगड झाला. बाहेर पोर जिवाच्या आकांताने एकच अक्षर ढकलत होती, आत तिचे आजोबा डोळे उघडे ठेवून उभे होते आणि त्यांना दार दिसत नव्हतं. स्वयंपाकघरातून सूनबाई ओरडल्या, "बाबा, कोण आहे? उघडा ना!" बिट्टी रडायला लागली. आजोबा आपल्याला आत घेत नाहीत, एवढंच तिला कळत होतं. मला स्वतःला उचलता आलं असतं तर मी तेव्हाच निखळून पडले असते.

शेवटी त्यांनी दोन्ही हातांनी मला वर काढलं. दार उघडून ते उंबऱ्यातच खाली बसले आणि बिट्टीला पोटाशी धरून म्हणत राहिले, "उघडलं बघ. उघडलं, बाळा."

घर गोळा झालं. त्या उघड्या दारात बसूनच त्यांनी सांगितलं, "आमच्या चौकीवर असंच धुकं होतं. हुकूम होता, तीनदा विचारायचं, शब्द आला नाही तर गोळी. मी तीनदा विचारलं. पलीकडून नुसतं पहिलं अक्षर येत होतं. माझ्या दोस्ताची जीभ अडते, हे पलटणीत माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी मी झाडली. कागदावर शत्रूची गोळी लिहिली गेली, आणि मी गप्प बसलो."

बायको म्हणाली, "इतकी वर्षं मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर मला दार उघडलं असतंस?"

"वेडे आहात," ती म्हणाली आणि त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर बसली.

ताप उतरल्यावर कॅप्टननी दोस्ताच्या बहिणीला पत्र लिहिलं. खरं ते सगळं लिहिलं आणि स्वतः जाऊन पेटीत टाकलं. परवलीचा शब्द त्या दिवसापासून बंद झाला. पण दार वाजलं की ते पांढरेफटक पडायचे. ती येईल का, आली तर काय म्हणेल, ह्या घोरात त्यांचं जेवणही तुटलं.

एका स्वच्छ दुपारी ती आली. ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई होती, खांद्याला कापडी पिशवी. आत यायला तयार होईना. दारातूनच तिने विचारलं, "तो किती बोलला होता?"

"पहिलं अक्षर," कॅप्टन म्हणाले.

तिने मान हलवली. "घरीसुद्धा त्याला वेळच लागायचा. आम्हाला कुठला धीर? त्याचं वाक्य आम्हीच पुरं करून मोकळे व्हायचो." मग पिशवीतून तिने एक पिवळं पडलेलं पत्र काढलं. "हे त्याने चौकीवरून लिहिलेलं. म्हणतो, 'इथे एक जण भेटलाय. माझं बोलणं पुरं होईपर्यंत तो थांबतो.' पुढे त्या माणसाचं नाव आहे. तुमचं."

कॅप्टननी मला घट्ट धरलं. माझा खिळा त्या दिवशी सैल झाला, तो आजही तसाच आहे.

"माफ केलं म्हणायला मी आलेले नाही," ती म्हणाली. "ते मला जमेल की नाही, माहीत नाही. पण हे पत्र तुमच्याकडे असायला हवं." पत्र त्यांच्या हातात देऊन ती पायऱ्या उतरून गेली. ते पत्र कॅप्टननी शेवटपर्यंत खिशात बाळगलं.

मित्रांनो, मला तेल घातलं नाहीत तरी माझी तक्रार नाही. पण तुमच्यासमोर कुणाचा शब्द अडला, तर हसू नका, घाई करू नका, त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. थोडं थांबा. एवढं माझ्यासाठी कराच. कारण मी ज्या माणसाची गोष्ट सांगितली, तो सगळ्यांसाठी थांबणारा माणूस होता. तो फक्त एकदाच थांबला नव्हता.