विहीणबाईंचं घड्याळ

चर्चची बाराची घंटा झाली आणि ॲलिसच्या मनगटावरचं स्मार्टवॉच काळंठिक्कर पडलं.

"मेलं," ती म्हणाली. "आज पन मेलं!"

उत्तनच्या किनाऱ्यावर बांबूच्या उंच वलांड्यांवर बोंबील टांगून सुकवण्यात ॲलिसची तीस वर्षं गेली होती. जबड्यात जबडा अडकवायचा, जोडी वर टांगायची, की पुढची जोडी. घड्याळावाचून तिचं कधी काही अडलं नव्हतं. पण जहाजावर नोकरीला असलेला तिचा कॅल्विन गेल्या सुट्टीत आला, तो दोन घड्याळं घेऊन. एक आईला, एक होणाऱ्या सासूला, म्हणजे एल्साला. दोन्हींचा पट्टा काळा, दोन्ही एकाच दुकानातली. ॲलिस हरखून गेली होती. मग रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर एल्साने सहज म्हणून सांगितलं, "माजं सहा दिस चालतंय हो. चार्जर कुठं ठेवलाय, तेपन इसरले."

ॲलिसने घरी येऊन बॉस्कोला धारेवर धरलं.

"चांगला पीस सासूला, आनि डिफेक्टिव आयशीला! अजून लगीन झालं न्हाय, तर ही गत."

"सारकेच असतील गो," बॉस्को जाळं सांधत म्हणाला.

"मंग माजंच का मरतंय?"

लग्नाला पस्तीस वर्षं झालेला नवरा अशा वेळी मान वर करत नाही. बॉस्कोने पुढची गाठ मारायला घेतली.

खरं दुखणं घड्याळाचं नव्हतंच. पोरगा एकुलता एक, वर्षातले नऊ महिने समुद्रावर. उरलेल्या तीन महिन्यांत आता वाटेकरी आले, आणि त्याच्या मनात आपला नंबर दुसरा लागला, हे ॲलिसला घशातल्या काट्यासारखं टोचत होतं. असा काटा भाताच्या गोळ्याने उतरत नाही.

पुढच्या आठवड्यात लग्नाच्या हॉलचं ठरवायला ती एल्साकडे गेली. एल्साने तळायच्या गोल पावांचं, म्हणजे फुग्यांचं, पीठ मळायला घड्याळ काढून फ्रिजवर ठेवलं होतं. ॲलिस पाणी प्यायला आत गेली. एल्सा बाहेर पंख्याखाली हॉलवाल्याशी फोनवर हिंदीत भांडत होती. ॲलिसने कपाळाला हात लावून क्रुसाची खूण केली, देवाची आगाऊ माफी मागितली आणि घड्याळ बदललं.

दुसऱ्या दिवशी चोरीचं घड्याळ फुल चार्ज करून ती ऐटीत वलांडीवर गेली. बाराची घंटा झाली. घड्याळ मेलं.

रविवारी एल्सा म्हणाली, "माजं चाललंय हो मस्त." आता मात्र ॲलिसला धडकीच भरली. घड्याळांनासुद्धा माणसं कळतात की काय?

सोमवारी टोपली द्यायला आलेला बॉस्को वलांडीपाशी थबकला.

"ॲलिस, हात वर कर. आता खाली. परत वर."

"मना काय पोलिसांनी धरलंय?" ती दचकून म्हणाली.

"अगो, हात वर गेला का लाईट लागतंय!"

तिथूनच जहाजावरच्या कॅल्विनला व्हिडिओ कॉल लावला. तो पोट धरून हसला.

"मम्मी, ते तसंच असतं. हात वर केला की त्याला वाटतं, तुला टाईम बघायचाय. तू सारखी हात वर करतेस, म्हणून ते सारखं जागं होतं. उन्हात तर ब्राईटनेस फुल. एल्सा आंटी हात मांडीवर ठेवून रोझरीची माळ जपत बसते, तिचं आपलं झोपलेलं. घड्याळ सेमच आहे गं. दिवसाला किती वेळा उचलतेस हात?"

"हजार, दोन हजार. कोन मोजतंय?"

कॅल्विनचं हसू थांबलं. तो म्हणाला, "सांगतो तसं कर, ते सेटिंग बंद होईल."

"ऱ्हाऊ दे. तीस वरसं हात वर करते, कोनी बघितलं न्हाय. हे एक तरी जागं व्हतंय."

त्याच दुपारी रुमालात घड्याळ गुंडाळून ती एल्साच्या दारात उभी राहिली. काटा उतरला होता, पण चोरी तशीच होती.

"विहीणबाय, माज्याकडून चुकी झाली. हे तुमचं घड्याळ हाय."

"मना ठाव हाय," एल्सा म्हणाली. "त्याच दिवशी कळलं. पट्ट्याला बोंबलाचा वास येत व्हता."

ॲलिस शरमेने लाल झाली. "मंग बोलल्या का न्हाय?"

एल्साने मनगट नाकाशी नेलं. "माजी आय पन वलांडीवरच व्हती. तिच्या हाताला असाच वास यायचा. जाऊन बारा वरसं झाली. म्हटलं, ऱ्हाऊ दे माज्याकडं." मग डोळे पुसत ती म्हणाली, "बसा. फुगे केलेत."

घड्याळं परत बदलली नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाराच्या घंटेला ॲलिसच्या मनगटावरचं घड्याळ दमून झोपलं. तिने त्याच्यावरचा बोंबलाचा चिकटा पदराने पुसला. टोपलीत अजून अर्धे बोंबील शिल्लक होते. तिने दोन उचलले, जबड्यात जबडा अडकवला आणि हात वर केला.