कुसाबाईंचा जबाब

नळ खाकरला आणि दुपारची शांतता मोडली. अमीर नुकताच झोपला होता. त्याच्या झोळीची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून मी वहीत दीड ओळ लिहिली होती, तेवढीच. कळशी उचलून बाहेर धावले, तर नळाच्या रांगेत, दोन हंड्यांच्या मध्ये, फाइल घेतलेले एक गृहस्थ उभे.

"झेबा मुस्तकीम शेख कोण? मी तलाठी. रहिवासाची चौकशी करायला आलोय."

ते गुरुवारी येणार होते. आज मंगळवार. माझ्या ओढणीवर अमीरच्या दुधाचा डाग, आणि घरात एकाही कागदाची तयारी नाही.

आमची चाळ अंबडच्या कारखान्यांच्या मागे, सात खोल्यांची. अंगणवाडीत मदतनीस घ्यायच्या होत्या. मी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी झालेली, पण अट होती 'स्थानिक रहिवासी'. शनिवारपर्यंत दाखला नाही मिळाला तर माझी नोकरी गेलीच. नऊ वर्षांची असताना अब्बांचं बोट धरून मी दरभंग्याहून इथं आले, त्याला अठरा वर्षं झाली. तरी आधारवर अजून दरभंगाच, वीजबिल मालकिणीच्या नावावर, आणि भाडेकरार कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही.

मालकीण म्हणजे कुसाबाई. कागद दिला की खोली गेली, हा त्यांचा पक्का हिशेब. म्हणून दर अकरा महिन्यांनी त्या सगळ्या भाडेकरूंना एकेक खोली पुढे सरकवतात. एकमधला दोनमध्ये, दोनमधला तीनमध्ये, सातमधला परत एकमध्ये. म्हणजे एकाच खोलीत राहिलो असं कुणाला म्हणता येऊ नये. त्या रविवारी सात घरांचे पलंग अंगणात येतात आणि कुणाचा तरी कुकर कायमचा दुसऱ्याकडे जातो. आम्ही आत्तापर्यंत चाळीला जवळजवळ तीन प्रदक्षिणा घातल्यात.

"शेजारी कुणी सांगेल का?" तलाठ्यांनी विचारलं.

रात्रपाळी करून झोपलेला राकेश लुंगी सावरत, डोळे चोळत आला. "मी सांगतो ना साहेब! झेबाभाभीला मी अठरा वर्षं ओळखतो."

"तुम्ही इथं कधीपासून आहात?"

"झाली की तीन वर्षं."

तलाठ्यांनी लिहिलेली ओळ खोडली. मग कुसाबाईंकडे वळले. "आजी, तुम्ही मालकीण ना? तुम्ही सांगा."

"मी कोणाला वळखत नाय," कुसाबाई हंडा विसळत म्हणाल्या. "येत्यात, जात्यात."

तलाठ्यांनी फाइल मिटली. "बरोबर आहे. नवीन माणसांबद्दल तुम्ही तरी काय सांगणार?"

हंडा थांबला.

"नवीन? कोण नवीन? ही?" कुसाबाईंनी पदर खोचला. "अवो भाऊसाहेब, ही दहा वर्षांची व्हती, माझ्या पाण्याच्या टाकीत बेडकाची पिल्लं सोडली हिनं! का, तर म्हणे आंघोळ घालते. आख्ख्या चाळीनं दोन दिस तेच पाणी प्यालं!"

"साल कोणतं?" तलाठ्यांनी फाइल पुन्हा उघडली.

"आठ. दोन हजार आठ. तवा व्हते दोन नंबरात."

तलाठी मोठ्यानं म्हणत लिहू लागले, "सदर अर्जदार हिने सन दोन हजार आठमध्ये सामाईक टाकीत बेडकाची पिल्ले सोडली. पुढे?"

पुढं काय, कुसाबाईंचा बांध फुटला. "दहा साली धुण्याच्या दगडावर फटाके. अकरा साली माझ्या शेवग्याच्या झाडावरून पडली, फांदी मोडली, आणि वर हीच रडली. पंधरा साली दहावीचा भूगोल माझ्या खिडकीखाली मोठ्यानं वाचून माझी दुपारची झोप घालवली, नद्या मला पाठ झाल्या. एकोणीस साली पोरगी झाली, ती तीन महिने रडत व्हती, सहा नंबरात."

"ती मी!" आयशा हंड्यामागून अभिमानानं ओरडली.

मग मधली सोळा-सतरा, पुढची बावीस, तेवीस, पंचवीस, सगळं आलं. तलाठ्यांनी पान उलटलं. "आजी, बारा ते चौदा मोकळं राहतंय. तेव्हा या इथं नव्हत्या का?"

कुसाबाई आठवू लागल्या. बोटं मोजली, आभाळाकडे पाहिलं. "तवा काय केलं बरं हिनं..."

राकेशनं हात जोडून डोळे मिटले. माझ्या चांगुलपणाची दोन-तीन वर्षं सगळं बुडवायला निघाली होती. मी कळशी खाली ठेवली.

"बाई, तेरा साली तुमच्या वाळत घातलेल्या कुरडया गेल्या होत्या ना गच्चीवरनं? पातेलंभर?"

"मांजरीनं नेल्या त्या."

"मी नेल्या. मी आणि शेजारच्या छायानं. सात नंबरात बसून, तळून खाल्ल्या."

रांगेतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. नळसुद्धा बारीक झाला.

"तू?" कुसाबाईंचा आवाज चिरकला. "आन् मी त्या मुक्या जनावराला खराट्यानं हाणलं? वर्षभर दूध नाय घातलं तिला? लिवा भाऊसाहेब! आधी हे लिवा!"

"लिहिलं. पण हा जबाब आहे आजी, रहिवासाचा. सही कराल?"

"जबाब तर जबाब! खोटं बोलते का मी?" आणि त्यांनी ओल्या हातानं, दात आवळून, भलीमोठी सही ठोकली.

तलाठ्यांनी कागदावर फुंकर मारली. "अठरा वर्षांचा अखंड रहिवास. शुक्रवारी या, दाखला घेऊन जा."

आपण काय केलं ते कुसाबाईंना तेव्हा कळलं. त्यांनी एकदा कागदाकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग भरलेला हंडा कमरेवर घेतला. "चैत्रात माझ्या कुरडया घालायला यायचं. तू आन् ती छाया, दोघींनी. आन् वाळस्तोवर राखण बसायचं," म्हणाल्या आणि गेल्या.

खोलीत अमीर उठून रडत होता. मी त्याला उचलून छातीशी धरलं. माझेही डोळे भरले होते, हसूही आवरत नव्हतं. आयशा माझी ओढणी धरून उभी होती, कपाळाला आठ्या घालून.

"अम्मी," ती म्हणाली, "तू कुरडया चोरल्याच नसत्यास, तर आपण कुठले असतो?"