व्रताची मेणबत्ती

धाकट्या बहिणीला घरी आणायचं आणि आईशेजारी पुरायचं, हे ठरवूनच मी तिच्या नन्सच्या कॉन्व्हेंटमध्ये गेलो होतो. गाडी फाटकाबाहेर उभी होती. बावीस वर्षं देवाने ठेवून घेतली, आता मेल्यावर तरी ती आमची होऊ दे, एवढंच माझं म्हणणं.

तिथल्या प्रमुख, मदर, म्हणाल्या, "दादा, तुम्ही भाऊ आहात. न्यायचं असेल तर न्या. आम्ही अडवणार नाही."

मी वाटभर भांडणाची तयारी करत आलो होतो. समोरचा भांडतच नसेल तर माझ्यासारख्याने करायचं काय?

आमचं जोडे शिवायचं दुकान. धाकटी बाबांच्या मांडीला मांडी लावून शिकली, आणि खरं सांगायचं तर तिचा टाका माझ्यापेक्षा सरस. दुकान दोघांनी चालवायचं ठरलं होतं. ऐन वेळी म्हणाली, मला व्रत घ्यायचंय, सिस्टर व्हायचंय. मी म्हणालो, "जा. पण मग आमच्याकडे काही मागायचं नाही." माझ्या जिभेला हाड नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. तिनेच तेवढं ते मनावर घेतलं.

इथे ती कुष्ठरोग्यांचे जोडे शिवायची. त्यांच्या पायांना काही लागलेलं कळत नाही, जखमा चिघळतात. म्हणून एकेका पायाचं माप घेऊन जोडा.

मदरनी कपाटातून एक मेणबत्ती आणली. व्रताच्या दिवशी प्रत्येकीच्या हातात पेटती मेणबत्ती देतात, शुद्ध मधमाश्यांच्या मेणाची. मग ती जपून ठेवायची आणि शेवटी शवपेटीपुढे लावायची. मदर ओशाळल्या होत्या. "हिची उंदरांनी कुरतडली हो. दुसरी लावू का?"

मी ती हातात घेतली. अंगभर बारीक, खोल, तिरप्या खाचा. अर्धी झिजलेली.

"मदर, हे उंदराचं काम नाही. हा दोरा आहे."

शिवायच्या आधी आम्ही दोरा मेणावरून ओढतो, म्हणजे तो पाण्याने कुजत नाही. एवढंच मी मदरना सांगितलं. मला तिचं गेल्या वर्षीचं पत्र आठवलं होतं. 'दादा, मेण संपलं. इथे मिळतं त्याने दोरा टिकत नाही. बाबांच्या पेटीतला गोळा पाठवशील का? तू म्हणाला होतास ते लक्षात आहे, पण हे माझ्यासाठी नाही.'

ते पत्र मी त्याच पेटीत, त्याच गोळ्यावर टाकलं. "देवाकडे माग म्हणावं," असं बायकोला म्हणालो. वर हसलोसुद्धा.

तिच्या कामाच्या खोलीबाहेर बाकावर एक म्हातारा बसला होता. एका पायात नवा जोडा, दुसऱ्याला फडकं गुंडाळलेलं.

"कोणाकडे आलात, आजोबा?"

"सिस्टरनी सोमवारी बोलावलं होतं." मग खाली बघत म्हणाला, "गेल्या ते माहीत आहे मला. पण बोलावलं होतं ना."

आत दुसरा जोडा अर्धा शिवून पडला होता. आरी टाक्यातच. मी तिच्या पाटावर बसलो, मेणबत्ती धरली आणि दोरा ओढला. तो तिच्या खाचेत बरोबर बसला. मी रडत रडत शिवलं. टाके तिच्यासारखे काही आले नाहीत.

दुपारी मदरनी विचारलं, "गाडी आत बोलावू?"

"परत पाठवली. तिला इथेच राहू द्या."

अंत्ययात्रेत पुढे मेणबत्ती होती, मागे तिने शिवलेले जोडे घालून चालणारी माणसं. म्हातारा दोन्ही जोडे घालून माझ्या बाजूने चालत होता. मेणबत्ती कबरीपर्यंत पुरली नाही, वाटेतच विझली. बोटभर मेण कमी पडलं. ते माझ्याकडे बाबांच्या पेटीत होतं.