एकाच जागेवरची जखम

सम्राटला पहिला फोड आला तेव्हा त्यानं बायकोला सांगितलं नाही. जागाच तशी होती, कमरेखालची. शिरोलीच्या एका फौंड्रीत तो साच्यांवर काम करायचा. घाम, वाळू, भट्टीची धग, त्यातलंच काहीतरी असेल म्हणून त्यानं मलम लावलं. जखम भरली, काळा डाग तेवढा राहिला. पुढं पुन्हा तिथंच आली, आणि मग आणखी एकदा. तेव्हा मात्र तो घाबरला आणि ‘गुप्तरोग’ अशी पाटी लावलेल्या एका दवाखान्यात शिरला.

तिथल्या माणसानं लांबूनच बघितलं.

"गरमी हाय ही. कुठं गेलतासा?"

"कुठंच गेलो न्हाय."

"मग घरातनं आलीया," असं म्हणून तो इंजेक्शन भरायला वळला.

सम्राट खरंच कुठं गेला नव्हता. म्हणूनच ते वाक्य त्याच्या डोक्यात रुतून बसलं. त्याची बायको संयोगिता महाद्वार रोडवर साड्यांच्या दुकानात कामाला होती. सणासुदीला तिला घरी यायला उशीर व्हायचा. आजवर त्याला त्यात काही वाटलं नव्हतं. आता तो दारात उभा राहून वाट बघू लागला. तिचा फोन वाजला की कान द्यायचा. तिच्या हातचं जेवायचा, पण तिच्याकडं न बघता.

एका रविवारी ती कपडे वाळत घालत असताना त्यानं विचारलं, "दुकानात कोण हाय तुझं?"

तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हातातला पिळा तसाच राहिला. त्यानं सगळं सांगितलं, जखमेचं, दवाखान्याचं, इंजेक्शनचं.

"तुम्ही कुठं गेला न्हाईसा, म्हणून मीच गेले असणार. व्हय?"

"मग आलं कुठनं?"

ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती आत गेली आणि पोळ्या लाटायला बसली. दिवसभर दुकानात उभं राहून तिचे पाय सुजायचे. त्या दिवशी सुट्टी असूनही ते सुजल्यासारखे वाटत होते.

सम्राटनं ही गोष्ट आईच्याही कानावर घातली. तानाबाईनं सुनेला एका शब्दानं विचारलं नाही. तिनं फक्त संयोगिताचा टॉवेल वेगळ्या दोरीवर टाकला आणि नातीला, मोनाला, आपल्याजवळ झोपवायला सुरुवात केली. मोना विचारायची, आईजवळ का नको? तानाबाई म्हणायची, आई दमलीया. त्यात खोटं काही नव्हतं.

पुन्हा फोड आला तेव्हा संयोगिताच म्हणाली, "सोमवारी सरकारी दवाखान्यात जायाचं. दोघांनी."

"लोक बघतील."

"बघू देत. मला आता सोसत न्हाय."

बाकावर दोघांमध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून ते बसले. त्वचारोग विभागातल्या डॉक्टर अरीबा तरुण होत्या, आवाज बसलेला, सकाळपासून बोलून थकलेल्या. त्यांनी आधी सम्राटला एकट्याला आत घेतलं. पडदा ओढला, हातमोजे घालून नीट बघितलं.

"आधी बारीक पुळ्यांचा घोस येतो का?"

"न्हाय. एकच येतोय. आग हुतीया लई."

"दर वेळी इथंच?"

"व्हय. त्याच जागी."

त्यांचं लक्ष त्याच्या खालच्या ओठाकडं गेलं. "आणि हा काळा डाग?"

"त्यो बी तवाच गडद हुतोय. तंबाखूचा आसंल म्हटलं."

"जखम येण्याआधी कुठली गोळी घेतलेली असते?"

त्याला आठवेना. मग आठवलं. फौंड्रीच्या कॅन्टीनचं जेवण बाधलं की जुलाब लागायचे, आणि तो मेडिकलमधून गोळी आणायचा. शर्टाच्या खिशात अर्धी पट्टी होतीच. डॉक्टरांनी ती उलटून वाचली आणि त्याला विचारून संयोगितालाही आत बोलावलं.

"मला हे गोळीचं वाटतंय. एखाद्याच्या अंगाला एखादं औषध मानवत नाही. मग ते घेतलं की त्याच जागी जखम होते आणि काळा डाग ठेवून जाते. ही गोळी आता कायमची बंद."

"म्हंजे गरमी न्हाय?"

"नुसतं बघून मी कुणालाच मोकळं सोडत नाही. गरमीची, म्हणजे सिफिलिसची जखम बऱ्याचदा दुखतसुद्धा नाही. आपोआप भरते, माणूस निर्धास्त होतो, आणि आजार आत राहतो. म्हणून रक्त तपासू. दोघांचं."

संयोगितानं बाही वर केली. सुई टोचताना तिनं मान वळवली नाही.

रिपोर्ट आले. दोघांचंही रक्त चांगलं होतं. बाहेर पायरीवर सम्राट बराच वेळ कागद हातात धरून उभा राहिला.

"काय न्हाय निघालं," तो म्हणाला.

"मला ठावंच हुतं."

"त्यो पयला डॉक्टरच तसं म्हणालता. मी काय करणार?"

"त्यानं मला कधी बघितलं बी न्हवतं. तुम्ही बारा वर्सं बघताय."

त्यानं कागदाची घडी घालून खिशात ठेवली. ती म्हणाली, "आत्तींना तुम्ही सांगा. मी सांगणार न्हाय."

त्यानं त्या संध्याकाळी आईला सांगितलं. तानाबाई ऐकत राहिली. "गोळीनं आसं हुतंय व्हय?" एवढंच म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन सुनेच्या हातातलं लाटणं घेऊ लागली. संयोगितानं ते दिलं आणि बाहेर येऊन पायरीवर बसली.

दुसऱ्या दिवशी दुकानात सुट्टी सांगून ती मोनाला घेऊन कोडोलीला माहेरी गेली. आईनं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, झोपायला आलेय. आणि ती खरोखर झोपली, दुपारी, सकाळी, जेवण झाल्यावर. मोनाची शाळा होती म्हणून आठवडा संपताच परत आली.

सम्राटनं ती गोळी पुन्हा घेतली नाही आणि जखमही पुन्हा आली नाही. त्यानं माफी मागितली ती बऱ्याच दिवसांनी, गाडीची चेन सैल झाली होती ती घट्ट करताना, मान खाली घालून. त्यानं दुकानात सोडावं म्हणून संयोगिता शेजारी डबा घेऊन उभी होती. तिनं ऐकलं.

"बरं," ती म्हणाली. "आवरा आता, दुकान उघडायची वेळ झाली."